नाव मोठं केलं तरी दुरून वाचता येत नाही: कन्डेन्स्ड देवनागरी अक्षरांच्या नेहमीच्या तक्रारी

तक्रार बहुतेक वेळा एका वाक्यात येते. "बोर्ड लागला, पैसे दिले, पण रस्त्यावरून नाव वाचताच येत नाही." मग ती जळगावच्या नवी पेठेतल्या दुकानाची असो, चोपड्याच्या कृषी सेवा केंद्राची असो, की शहाद्याच्या चौकात लागलेल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सची. गिऱ्हाईक म्हणतं, "भो, नाव आखो मोठं कर ना." ऑपरेटर नाव आणखी उंच करतो. पट्टीची लांबी तेवढीच असल्यामुळे अक्षरं बाजूनं आणखी दाबली जातात आणि नाव आणखी वाचेनासं होतं. लग्नसराई, गणपती, कानबाई, निवडणूक, हंगाम कोणताही असो, दुखणं हेच.

त्यात अलीकडे एक भर पडली आहे. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली. मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत, हेही त्यात आलं. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा फ्लेक्सवाल्यांकडे एकदम गर्दी उसळली. कायदा चांगलाच आहे. पण झालं असं की इंग्रजी नावाच्या हिशेबानं बांधलेल्या लोखंडी चौकटी तशाच राहिल्या, आणि तेवढ्याच जागेत मराठी नाव इंग्रजीइतकं उंच बसवायचं ठरलं. मग सगळ्यांनी जवळचा रस्ता धरला: बाजूचा हँडल पकडायचा आणि आत ढकलायचा.

या दुखण्यावरचा उपाय कन्डेन्स्ड फॉन्ट, म्हणजे मुळातच अरुंद काढलेली अक्षरं, हाच आहे. मात्र कन्डेन्स्ड फॉन्ट आणि दाबलेला फॉन्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

दाबलेलं आहे की मुळातच अरुंद?

फाइल समोर असेल तर हे ओळखायला फार वेळ लागत नाही. कोरलमध्ये (कोरलड्रॉ, बोर्ड-फ्लेक्सची डिझाइनं करायचं सॉफ्टवेअर) शिरोरेषेच्या जाडीएवढा एक चौकोन काढा. तोच चौकोन उचलून काना किंवा उभ्या दंडावर ठेवा. दंड चौकोनापेक्षा बराच बारीक निघाला तर अक्षरं दाबलेली आहेत. फोटोशॉप किंवा इलस्ट्रेटरमध्ये कॅरेक्टर पॅनेलमधला आडवा स्केल पाहा. तो १०० टक्क्यांवर नसेल तर चोर सापडला. कोरलमध्ये मजकूर अजून मजकूरच असेल, कर्व्ह (म्हणजे नुसता आकार) केला नसेल, तर 'क्लिअर ट्रान्सफॉर्मेशन्स' दिलं की अक्षर मूळ रूपात परत येतं. कर्व्ह केलेल्या फाइलला हा इलाज नाही, नाव पुन्हा टाइप करावं लागतं.

दाबल्यानं बिघडतं काय, तर हिशेब साधा आहे. समजा फूटभर उंच अक्षर आहे, त्याची शिरोरेषा दोन इंच जाड आणि दंडही दोन इंच जाड. तुम्ही ते बाजूनं ६० टक्के केलंत. शिरोरेषेची जाडी उंचीच्या दिशेनं मोजली जाते, म्हणून ती दोन इंचच राहते. दंडाची जाडी रुंदीच्या दिशेनं मोजली जाते, म्हणून ती सव्वा इंचाच्याही आत येते. आता वर जाडजूड आडवी पट्टी आणि खाली काड्या, असं दिसू लागतं. इंग्रजीतही हेच होतं, पण इंग्रजीत प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरून जाणारी अखंड रेघ नसते. देवनागरीत ती असते, आणि दाबल्यावर डोळ्यांना आधी तीच दिसते. शब्दाचा ठसा नाहीसा होऊन उरते ती नुसती रेघ.

दुसरं नुकसान पोकळ्यांचं. घ, ष, ण, म, क्ष या अक्षरांच्या आतली मोकळी जागा दुरून वाचताना फार कामाची असते. ती ६० टक्के झाली की दुपारच्या उन्हात चमकणाऱ्या फ्लेक्सवर ती भरून गेल्यासारखीच दिसते.

तिसरं नुकसान मराठी माणसाला लगेच पटतं. ध आणि भ यांच्या डोक्यावर डावीकडे शिरोरेषा तुटलेली असते. घ आणि म यांच्यावर ती सलग असते. ती छोटी फट म्हणजेच त्या अक्षरांची ओळख. दाबल्यावर फट बुजते आणि धुळ्याचं 'घुळे' होतं, भुसावळचं 'मुसावळ' होतं, आणि भडगावची गाडी थेट गोव्यातल्या मडगावला जाते. गावची माणसं सवयीनं बरोबरच वाचतात, म्हणून दुकानदाराला स्वतःला ही चूक कधी दिसत नाही. ती दिसते बाहेरून आलेल्या ट्रकवाल्याला. तसंच ख चं. दाबलेल्या अक्षरात ख चे दोन भाग सुटे दिसायला लागतात आणि 'खानदेश' चा 'रवानदेश' होतो. चांगल्या कन्डेन्स्ड फॉन्टमध्ये ख चे दोन्ही भाग पायाशी नीट जोडलेले असतात, ते एवढ्यासाठीच.

मुळातच अरुंद काढलेल्या अक्षरात हे सगळं हातानं सांभाळलेलं असतं. दंडाची जाडी शिरोरेषेच्या जवळपास ठेवलेली असते. गोलाई बाजूनं सपाट केलेली असते, म्हणजे व, ब, क यांचं पोट गोल न राहता उभट होतं, पण आतली जागा शिल्लक राहते. म आणि भ च्या गाठी लहान केलेल्या किंवा सोप्या केलेल्या असतात. जोडाक्षरं वेगळी काढलेली असतात. आपल्याकडच्या जुन्या पेंटरांनी हे कुणाकडून न शिकता केलं होतं. त्यांच्या हातात चपटा ब्रश असायचा. जागा कमी पडली की ते अक्षर उभट काढायचे, पण ब्रश तोच, म्हणून दंडाची जाडी तीच राहायची. अमळनेर-पारोळ्याकडे अजूनही एखादी रंगवलेली पाटी अशी दिसते की आठ-दहा अक्षरं चिंचोळ्या फळीवर बसवलेली आहेत आणि तरी रस्त्याच्या पलीकडून वाचता येतात. माउसला ब्रश नसतो, एवढाच काय तो फरक.

असं अक्षर आलं कुठून

थोडं विषयांतर. उंच, चिंचोळी, ठसठशीत अक्षरं ही मुळात जाहिरातीची गरज. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत भिंतीवर चिकटवायची मोठी हँडबिलं छापू लागले, तेव्हा एका ओळीत जास्तीत जास्त ओरडायचं होतं. शिशाचे एवढे मोठे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जड आणि महाग पडत, म्हणून लाकडी खिळे आले. न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सनं १८२८ मध्ये लाकडी टायपांचा कॅटलॉग काढला. पुढे छपाईची यंत्रं बदलली तरी ही चाल टिकली. आज प्रत्येक विंडोजमध्ये सापडणारा इम्पॅक्ट हा फॉन्ट जेफ्री ली यांनी १९६५ मध्ये आणला, तोही याच घराण्यातला.

इंग्रजीत हे अक्षर इतकं चालतं त्याचं कारण कॅपिटल अक्षरं. ती सगळी एका उंचीची. ना वर काही, ना खाली काही. दोन ओळी एकमेकींना जवळजवळ चिकटवल्या की भिंतीच्या विटांसारखा सलग ठोकळा तयार होतो. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार. खाली उकार, ऋकार, ट्र. म्हणून इंग्रजी पोस्टर पाहून "अगदी अस्संच मराठीत पाहिजे" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला आधीच सांगावं: ठोकळा होणार नाही, पण जोर तेवढाच येईल.

मग कोणता घ्यायचा

फुकट आणि कायदेशीर मिळणाऱ्यांत चार-पाच नावं पुरेशी आहेत. सगळे मुक्त परवान्याचे आहेत, गूगल फॉन्ट्सवरून उतरवता येतात आणि धंद्याच्या कामाला वापरता येतात.

टेको हा अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा. चौकोनी वळण, जाड-बारीक भेद जवळजवळ नाही, दिसायला अगदी साधा आणि कडक. लाइटपासून बोल्डपर्यंत पाच वजनं, म्हणजे जाडीचे पाच प्रकार. लांब शीर्षकाला मधली वजनं आणि एक-दोन शब्दांना बोल्ड, असाच तो योजलेला आहे, आणि हा सल्ला मी डोळे झाकून पाळतो. टेको बोल्डमध्ये अख्खं वाक्य लावलं की ते कुंपणाच्या गजांसारखं दिसतं. लाइट फार मोठ्या आकारासाठी. फ्लेक्सवर लहान आकारात तो उन्हात गायब होतो.

खंड हाही त्याच फाउंड्रीचा, पाचच वजनांचा. टेकोइतका चौकोनी नाही, आतल्या पोकळ्या जास्त मोकळ्या. कृषी सेवा केंद्र, मेडिकल, क्लासेस अशा जिथे नाव पटकन वाचलं जाणं दिसण्यापेक्षा महत्त्वाचं, तिथे मी टेकोऐवजी हाच लावतो. कबड्डी, कुस्ती, व्यायामशाळा, निवडणूक असा थोडा आवाज चढवायचा असेल तर टेको.

प्रगती नॅरो साधा, रेग्युलर आणि बोल्ड दोनच वजनं, पण दरपत्रकाला, वेळापत्रकाला, रकान्यांत भरायच्या मजकुराला उत्तम. वरचे दोघे शीर्षकाचे आहेत, हा थोडा लहान आकारातही चालतो.

आणि 'अनेक' नावाचा फॉन्ट. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी २०२२ मध्ये आणलेला. यात रुंदीही कमीजास्त करता येते: ७५ ते १२५, मध्ये १०० म्हणजे नेहमीची. म्हणजे ज्यांना हँडल ओढायची सवय सुटतच नाही त्यांनी हा घ्यावा. इथे रुंदी बदलली तरी दंडाची जाडी फॉन्टच सांभाळतो. अडचण एकच. ही व्हेरिएबल, म्हणजे एकाच फाइलमध्ये जाडी-रुंदी बदलणारी, फाइल जुन्या कोरलला कळत नाही, एकच जाडी दिसते किंवा यादीत नावच येत नाही. त्यासाठी उतरवलेल्या झिपमध्ये 'स्टॅटिक' नावाचं फोल्डर असतं, त्यातली कन्डेन्स्ड बोल्ड वगैरे सुटी फाइल बसवावी. नोटो सान्स देवनागरीतही रुंदीचा असा पर्याय आहे आणि तो आणखी अरुंद होतो, ६२.५ पर्यंत, पण त्याचा स्वभाव मजकुराचा आहे, बोर्डावर तो फिका पडतो.

फॉन्ट बदलला आणि सगळं फुटलं

ही दुसऱ्या क्रमांकाची तक्रार. नाव युनिकोडच्या आधीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं असतं, आणि टेको लावल्याबरोबर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. फॉन्टमध्ये बिघाड नाही. ते जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवत. नवे फॉन्ट युनिकोड मजकूर मागतात, म्हणजे ज्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो असा. मजकूर कन्व्हर्टरमधून काढा किंवा पुन्हा टाइप करा. सर्वांत सोपं म्हणजे गिऱ्हाइकाकडून नाव व्हॉट्सॲपवर मागवा. फोनवर टाइप केलेलं मराठी युनिकोडच असतं, आणि नावाचं शुद्धलेखन त्याचं त्यानं दिलेलं असल्यामुळे पुढचा वादही मिटतो.

मजकूर युनिकोड आहे आणि तरी वेलांटी अक्षराच्या मागे जाते, 'श्रद्धांजली'तला द्ध सुटा पडतो, सगळीकडे पाय मोडलेले दिसतात, असं असेल तर दोष सॉफ्टवेअरचा. कोरलच्या एक्स-३, एक्स-४ सारख्या जुन्या आवृत्त्या युनिकोड देवनागरी नीट जोडत नाहीत. तिथे कितीही डोकं आपटलं तरी उपयोग नाही. इंकस्केपमध्ये ओळ टाइप करून, पाथ करून आणावी. ते फुकट आहे आणि जोडाक्षरं बरोबर बसवतं. फोटोशॉपच्या काही आवृत्त्यांत प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात वर्ल्ड-रेडी लेआउट निवडावा लागतो. त्याहून जुन्या आवृत्तीत त्याचं नाव मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन असं आहे. इलस्ट्रेटरमध्ये इंडिक पर्याय दाखवा अशी टिक असते, मग पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून दक्षिण आशियाई कंपोजर घ्यायचा. आधी टाइप केलेल्या ओळीला तो वेगळा लावावा लागतो, हे बरेच जण विसरतात आणि "सेटिंग केलं तरी होत नाही" म्हणून फोन करतात.

याच्याच भावंडांपैकी एक: यादीत इम्पॅक्ट किंवा बेबास नोय निवडलेला दिसतो, पण मराठी अक्षरं विंडोजमधल्या मंगल किंवा निर्मला या फॉन्टांसारखी दिसतात. या फॉन्टांत देवनागरी नाहीच. सॉफ्टवेअर मुकाट्यानं दुसरा फॉन्ट बसवतं, आणि ऑपरेटर 'इम्पॅक्ट मराठी' इंटरनेटवर शोधत बसतो.

खानदेशात हमखास अडकणारे दोन शब्द सांगतो. एक 'शेतकऱ्यांसाठी'. कृषीच्या प्रत्येक पाटीवर हा शब्द असतो आणि निम्म्या पाट्यांवर तो 'शेतकर्यांसाठी' असा रफार डोक्यावर घेऊन उभा असतो. साधा र, हलन्त आणि य टाइप केला की रफारच येणार. त्यासाठी नुक्त्याचा ऱ घेऊन मग हलन्त आणि य टाइप करायचा. दुसरा 'ॲग्रो'. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, म्हणून जुन्या फॉन्टात त्या जागी रिकामा चौकोन येतो. काही जण मग अ टाइप करून त्यावर वेगळा चंद्र लावतात. तो पडद्यावर बरा दिसला तरी दुसऱ्या मशीनवर ठिपक्यांच्या वर्तुळासकट बाजूला पडलेला सापडतो. एकसंध ॲ च टाइप करावा आणि तो नसलेला फॉन्ट सरळ सोडून द्यावा.

नवा कन्डेन्स्ड फॉन्ट बसवला की मी त्यात आधी ही ओळ टाइप करतो: शेतकऱ्यांसाठी ॲग्रो, श्रद्धांजली, महाराष्ट्र, क्षेत्र, ज्ञान, पट्टी, मूर्ती, धुळे, भुसावळ, खानदेश. यात पाय मोडला नाही, काही एकमेकांवर चढलं नाही, ध-घ वेगळे दिसले, तर फॉन्ट कामाचा. ल आणि श मराठी वळणाचे न येता हिंदी वळणाचे येत असतील तर मजकुराची भाषा मराठी करून पाहावी. काही फॉन्टांत दोन्ही रूपं असतात आणि भाषा सांगितल्याशिवाय मराठी रूप पुढे येत नाही.

मात्रा कापल्या जातात, ओळी भिडतात

दोन ओळींच्या नावात वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकींत घुसतात. कन्डेन्स्डमध्ये हे जास्त होतं, कारण अक्षरं उंच असतात आणि आपण ओळींमधली जागा इंग्रजीच्या अंदाजानं ठेवतो. सगळीकडे जागा वाढवणं हा आळशी उपाय. ओळ कुठे तोडायची हे आधी पाहावं.

आपल्या विद्यापीठाचंच नाव घ्या. २०१८ मध्ये नामविस्तार झाल्यापासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ असं आहे. एका ओळीत बसवायला जाल तर कोणताही फॉन्ट रडेल. 'चौधरी' नंतर तोडा. पहिल्या ओळीत खाली लोंबणारं एकही चिन्ह नाही: ना उकार, ना ट्र. दुसऱ्या ओळीत वर जाणाऱ्या दोनच वेलांट्या, 'वि' आणि 'पी'. म्हणजे या दोन ओळी बऱ्याच जवळ आणता येतात आणि नाव एकसंध दिसतं. लोंबणारा 'ष्ट्र' सगळ्यात खालच्या ओळीत गेल्यामुळे त्याला मोकळी जागाही मिळते. याउलट 'नंदुरबार' वरच्या ओळीत आणि वेलांट्यांनी भरलेला शब्द खाली, असं झालं की 'दु' चा उकार कुणाच्या तरी डोक्यात जाणारच. शब्दांची अदलाबदल जमत असेल तर करावी, नाहीतर वरची ओळ थोडी डावी-उजवीकडे सरकवावी. अर्ध्या इंचात काम होतं.

अक्षरांमधलं अंतर, ज्याला ट्रॅकिंग म्हणतात, त्याला हात लावू नये. इंग्रजी कन्डेन्स्डला थोडं अंतर दिलं तर ते छान मोकळं होतं. देवनागरीत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते, कमी केलं की अक्षरं एकमेकांवर चढतात. जागा हवी असेल तर ती शब्दांच्या मधून घ्यावी.

किती दुरून वाचायचं आहे?

हा प्रश्न गिऱ्हाईक कधी विचारत नाही, म्हणून आपण विचारायचा. पाटीच्या धंद्यात एक ढोबळ हिशेब चालतो: दहा फुटांना एक इंच उंची. तो इंग्रजी कॅपिटलचा आहे. मराठीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजावी, वेलांट्या-उकार सोडून. अरुंद अक्षराला त्याहून थोडं जास्तच धरावं.

आता धुळे-जळगाव रस्त्याचा, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५३ चा विचार करा. ताशी ६० किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला सुमारे ५५ फूट पुढे सरकते. चार सेकंद वाचायला मिळावेत असं वाटत असेल तर नाव २२० फुटांवरून वाचता आलं पाहिजे, म्हणजे २२ इंच. बोर्ड तीन फुटी असेल तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार सोडून हातात जेमतेम दीड फूट राहतो. याचा अर्थ असा की महामार्गावरच्या तीन फुटी पट्टीवर नावाची एकच ओळ मावते, आणि तीही थोडी लहानच. प्रोप्रायटरचं नाव, तीन मोबाइल नंबर, 'बियाणे, खते व कीटकनाशके मिळतील' आणि कोपऱ्यात देवाचा फोटो हे सगळं तिथे बसत नाही. फॉन्ट कितीही अरुंद घेतला तरी नाही. इथे ऑपरेटरनं तोंड उघडायला हवं. बाकीचा मजकूर शटरच्या बाजूच्या उभ्या पट्टीवर न्यावा. उभी पट्टी, स्टँडी, केळीच्या खोक्याची अरुंद बाजू, बियाण्याच्या पिशवीचा कडेचा भाग, या कन्डेन्स्ड अक्षराच्या हक्काच्या जागा आहेत.

सराफ बाजारातल्या गल्लीत गोष्ट वेगळी. तिथे माणूस वीस-तीस फुटांवरून पाहतो, चालत असतो, थांबतो. तिथे कन्डेन्स्डची गरजच नसते, नेहमीच्या रुंदीचं अक्षर जास्त घरंदाज दिसतं.

इंग्रजीच्या बरोबरीला

कायद्यातल्या 'लहान नको' या अटीसाठी बरेच जण दोन्ही ओळींना एकच पॉइंट साइज देतात आणि निश्चिंत होतात. दोन फॉन्टांत तोच आकडा दिला तरी अक्षरांची खरी उंची सारखी येत नाही, आणि देवनागरी बऱ्याचदा ठेंगणी पडते. पट्टी घेऊन मोजा: मराठीची शिरोरेषा ते पाय, इंग्रजीचं कॅपिटल. मराठी वरचढ किंवा निदान बरोबरीचं आलं पाहिजे. इंग्रजीही त्याच कुटुंबातली घ्यावी. टेको, खंड, अनेक यांत दोन्ही लिप्या एकत्र काढलेल्या आहेत, त्यामुळे जाडी जुळते. मराठी टेको आणि खाली इंग्रजी इम्पॅक्ट केलं की इंग्रजी काळंकुट्ट दिसतं आणि मराठी त्यापुढे बारीक वाटतं, उंची बरोबर असली तरी.

आउटलाइन, रेडियम आणि ॲक्रिलिक

पिवळं अक्षर, लाल आउटलाइन, त्याबाहेर पांढरी आउटलाइन, मागे सावली. आपल्याकडे हे लागतंच, त्यावर भाषण करत नाही. पण आउटलाइनची निम्मी जाडी अक्षराच्या आत जाते. रुंद अक्षराला ते सोसतं. कन्डेन्स्डमध्ये दंड अर्धा होतो. कोरलमध्ये आउटलाइनला 'बिहाइंड फिल' अशी टिक असते, ती करावी. जाडी दुप्पट ठेवली की बाहेर हवी तेवढी दिसते आणि आतलं अक्षर शाबूत राहतं.

आउटलाइन दिल्यावर शिरोरेषेत प्रत्येक अक्षरापाशी उभी रेघ दिसते, ही आणखी एक नेहमीची तक्रार. फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात, नाहीतर मध्ये फट दिसली असती. पडद्यावर भरीव रंगात हे कळत नाही. आउटलाइन, पारदर्शक रंग किंवा रेडियम कटिंग आलं की कळतं. प्लॉटर तर प्रत्येक चढलेल्या जागी ब्लेड फिरवतो आणि मोटारसायकलच्या टाकीवर लावायचं नाव तुकड्यातुकड्यांत सुटतं. अक्षरं कर्व्ह करावीत आणि सगळी निवडून 'वेल्ड' द्यावं, म्हणजे त्यांचा एकच सलग आकार होतो. ग्रुप करून भागत नाही, वेल्डच हवं. अनेकसारख्या व्हेरिएबल फाइलमध्ये तर एकाच अक्षराच्या आतही भाग एकमेकांवर असू शकतात, तिथे हे न चुकता करावं. वेल्ड झाल्यावर वायरफ्रेम करून पाहावं: आत कुठे आडवी-उभी रेघ उरलेली नसावी.

ॲक्रिलिक किंवा एलईडीच्या उठावाच्या अक्षरांना टेको बोल्ड देऊ नये. गाठींच्या पोकळ्या इतक्या लहान होतात की कापणाऱ्याला त्या काढता येत नाहीत, काढल्या तर रात्री दिवा लागल्यावर उजेडात बुजतात. सेमीबोल्ड किंवा मीडियम घ्या. अनुस्वार आणि नुक्ता हे सुटे तुकडे असतात, त्यांना स्वतंत्र खिळा किंवा मागची पट्टी लागते, हे कोटेशनमध्येच लिहून ठेवा. पहिल्या वादळात आधी अनुस्वारच उडतो आणि नंदुरबारचं 'नदुरबार' होतं.

लग्नपत्रिकेत, निधनवार्तेत आणि औषधाच्या सूचनांत कन्डेन्स्ड वापरू नका. पत्रिकेतली नावं सावकाश वाचायची असतात, निधनवार्तेला चढा आवाज शोभत नाही आणि औषधाची मात्रा चुकून वाचली तर महागात पडते. मोबाइल नंबरही नेहमीच्या रुंदीत ठेवावा. चिंचोळ्या देवनागरी आकड्यांत १ आणि ९ दुरून सारखेच दिसतात.

छापायला पाठवताना पीडीएफ कर्व्ह केलेली द्या, पण टाइप केलेली मूळ फाइल फॉन्टसकट वेगळी ठेवा. बोर्ड लागून वर्ष होत नाही तोच दुकानदार 'अँड सन्स' जोडायला येतो, आणि चौकट काही लांब झालेली नसते.